डिक्कीच्या झाकणाची आतली बाजू

गाडी रस्त्याच्या कडेला लावली की पाच मिनिटांत माणसं जमतात. रायपूरचा माणूस तसा मोकळा, लाजत नाही. कोणी कापडी टप दाबून बघतं, कोणी स्टिअरिंगला हात लावून फोटो काढतं. मग त्यातला एखादा विचारतोच, "दादी, डिक्की खोल के दिखाओ ना." मी सांगते, बेटा, लॉक बिघडलंय, उघडत नाही. गेली कित्येक वर्षं मी हेच सांगत आले. लॉक चांगलं आहे. मीच बसवलंय ते, आणि दर पावसाळ्याआधी त्यात तेलाचे दोन थेंब सोडते. एरवी मला खोटं धड बोलता येत नाही, चेहरा लगेच सांगतो. हे एक मात्र न अडखळता येतं.

का येतं, ते आज लिहून टाकते.

माझं माहेर वऱ्हाडातलं. आमचे हे रेल्वेत, म्हणून लग्न होऊन रायपूरला आले. तेव्हा रायपूर मध्य प्रदेशातलं एक गाव होतं, स्टेशन तेवढं मोठं. आम्ही बूढापाऱ्यात घर केलं, पारा म्हणजे मोहल्ला, तलावापासून हाकेच्या अंतरावर. शाळा माझी आठवीपर्यंत. पण हाताला यंत्राचं वेड. एकदा शिलाई मशीन अडकलं, मिस्त्री आज येतो उद्या येतो करत आलाच नाही, तेव्हा पेचकस घेऊन मीच बसले. खोललं, पुसलं, कोणता स्क्रू कुठला ते पाटीवर चित्र काढून ठेवलं, परत लावलं, चाललं. त्यानंतर मिक्सर, पंखा, मग ह्यांची स्कूटर. पाहुणे आले की हे त्यांना सांगायचे, "हिच्यासमोर फार वेळ बसू नका, खोलून ठेवेल."

आता काकूची ओळख करून देते. ती माझी सख्खी काकू नव्हे. ब्राह्मणपाऱ्यात राहायची, मी तिचे ब्लाऊज शिवायचे, त्या नात्यानं काकू. तिचं सासर मराठ्यांच्या राज्यापासून रायपुरात वसलेलं. त्यामुळे तिचं मराठी आमच्यापेक्षा जुनं, आणि त्यात 'हो'च्या जागी मध्येच छत्तीसगढी 'हव' यायचं. नवरा कोर्टात वकील होता, तो जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. एकच मुलगी. ती कॉलेजात असताना घरच्यांना न चालणाऱ्या मुलाबरोबर लग्न करून निघून गेली. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी वकीलसाहेबांनी तिचे सगळे फोटो, वह्या, कपडे, पाळण्यातली गोधडीसुद्धा अंगणात आणून जाळली. हे सगळ्या पाऱ्याला माहीत होतं, आणि कोणी बोलत नसे. मुलगी परत आली नाही. चिठ्ठी नाही, फोन नाही. कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि गाडी. वकीलसाहेबांची विलायती गाडी, दोन दारांची, मागे दुमडणाऱ्या टपाची. कुठल्याशा जंगल ठेकेदाराकडून त्यांनी तरुणपणी घेतलेली. ते असताना दसऱ्याला तरी बाहेर निघायची. ते गेल्यावर अंगणातल्या शेडमध्ये चार विटांवर उभी राहिली. मी ब्लाऊजचं माप घ्यायला जायचे तेव्हा येता-जाता तिच्याकडे बघायचे. कोंबड्या बसायच्या तिच्या सीटवर.

छत्तीसगढ वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं, त्यानंतरचं ते दुसरं की तिसरं वर्ष. गावाला एकदम पंख फुटले. बाहेरचे साहेबलोक येऊन राहिले, ज्याच्याकडे रस्त्याला लागून हातभर जागा तो तिथं दुकान काढायला बसला. काकूच्या पुतण्यांनाही शेडच्या जागी दुकानं पाहिजे होती. एक दिवस गेले तर काकू ओसरीवर बसलेली. मी टेप काढली तर म्हणाली, राहू दे आज. संध्याकाळी कबाडी येणार होता, गाडी तोडून न्यायला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, मले द्या."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिची किडनी मागितली. मग हसली. म्हणाली, "तू काय करशील तिचं? लोणचं घालशील?"

मी म्हटलं, दुरुस्त करीन. स्कूटर केली, ही पण करीन. त्या वेळी मला गाडीबद्दल एवढंच माहीत होतं की पुढे इंजिन असतं. काकूनं दाम काही घेतलं नाही. मी विषय काढला तर हातानं उडवून लावला. ती उठली, मला शेडमध्ये घेऊन गेली, आणि दोघींनी मिळून डिक्कीचं झाकण वर केलं. गंजून जड झालं होतं. आतून बाटलीसारखा हिरवा रंग, ब्रशचे फराटे दिसणारा. आणि मधोमध एका लेकराचा हात. पाची बोटं पसरलेली, रंगात रुतलेला, तळव्याच्या रेषांसकट.

वकीलसाहेबांनी स्वतः ब्रशनं गाडी रंगवली होती, इथंच अंगणात. रंग ओला असताना मुलीनं जाऊन हात लावला. "पाच वर्षाची होती," काकू म्हणाली. "मी मारायले धावली होती."

मग म्हणाली, "बाकी गाडी तुही. रंग बदल, सीटा बदल, इंजिन खोलून गच्चीवर वाळत घाल. ह्याले तेवढा हात नको लावू."

मी मान हलवली. तेवढ्यानं तिचं भागलं नाही. "हव म्हण," म्हणाली.

मी हव म्हटलं.

गाडी ब्राह्मणपाऱ्यातून बूढापाऱ्यापर्यंत ढकलत आणली. दहा-बारा माणसं लागली, सगळी रस्त्यात मिळालेली. हे पन्नास पावलं मागून येत होते, हातात पेपर, जणू ओळख नाही. घरी आल्यावर विचारलं, "हिले ठेवणार कुठं?" मी म्हटलं, तुमची स्कूटर बाहेर ठेवू. ते दोन दिवस बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी गाडीच्या चाकाखाली दगड सरकलेला दिसला तर तो नीट लावून आले.

त्यानंतरची दोन वर्षं कशी गेली ते मला आजही नीट सांगता येत नाही, इतकी मी त्यात बुडालेली होते. इंजिनात उंदरांनी घर केलं होतं. कार्ब्युरेटर मी ओट्यावर खोलला आणि त्याचे बारीक भाग हरवू नयेत म्हणून देवघरातली पितळी ताटली घेतली. मग देवाला चार दिवस स्टीलच्या वाटीत नैवेद्य. पायाखालचा पत्रा इतका सडलेला की बसलं की खालची जमीन दिसायची. मुलगा सुट्टीत आला तर म्हणाला, "आई, ये गाड़ी नहीं, चलनी है." चलनी म्हणजे चाळणी, त्याचं सगळं हिंदीतच. पत्रा नवा बसवून घेतला, पण प्लग, गॅस्केट, ब्रेकचे रबर, हे मी स्वतः केलं. मिळत नसलेला भाग दुसऱ्या गाडीचा आणायचा, घासून घासून बसवायचा. बसला नाही तर परत न्यायचा, दुकानदाराचे टोमणे ऐकायचे. तो मला बघितलं की आतल्या पोऱ्याला ओरडून सांगायचा, मॅडम आल्या, सामान लपव. पहिल्यांदा इंजिन फुरफुरलं त्या दिवशी मी एकटीच होते. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि ती बंद पडेपर्यंत ऐकत राहिले. साडेतीन मिनिटं चालली असेल.

काकूला मी सगळं सांगायचे. ब्लाऊज द्यायला गेले की आधी गाडीची बातमी. ती मला सांगायची, वकीलसाहेब हँडल कसं मारायचे, चोक किती ओढायचा. म्हणायची, तलावाच्या वळणावरून हळू घरी आलं की ही हटकून तापायची. एखादी गोष्ट मी चुकीची बसवली असेल तर तिला ऐकूनच कळायचं. मी तिला विचारायचे, काकू, तुम्ही कधी चालवली? ती म्हणायची, मी फक्त बाजूले बसून पाहिली. पण पाहणारं माणूस जास्त शिकतं, हे मला तिच्याकडून कळलं.

रंगासाठी एक पेंटर ठेवला होता. उमरवाला माणूस, सावकाश काम करणारा. मला मरून रंग पाहिजे होता, पिकलेल्या जांभळासारखा. जुना हिरवा सगळा काढायचा, खाली पत्र्यापर्यंत जायचं, मग प्रायमर, पुट्टी, घासाई, परत प्रायमर. डिक्कीच्या झाकणाला आतून, त्या हातावर, मी आधीच वर्तमानपत्राचा तुकडा टेपनं चिकटवून ठेवला होता. त्याला सांगितलं, भैया, एवढं सोडायचं. त्यानं सोडलं. पण प्रत्येक वेळी झाकण उघडलं की म्हणायचा, "दीदी, यहीं से जंग घुसेगा." मी म्हणायची, घुसू दे गंज.

आता ती गोष्ट येते. मी इतकं लांबवत आले ते ह्याच्यासाठीच.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. ज्यांनी घर सांभाळलंय त्यांना सांगायला नको, त्या आठवड्यात बाईच्या हाताला काय होतं. डबे घासायचे, पंखे पुसायचे, कपाटामागचं जाळं, देवांची भांडी, जिन्याचे कठडे. एकदा हात सुरू झाला की तो डोक्याला विचारत नाही. जे समोर येईल ते चकचकीत करून सोडायचं. दुपारी घर आवरलं आणि मी तशीच, पदर खोचलेला, गाडीकडे गेले. गाडी मरून झाली होती. काय दिसत होती म्हणून सांगू. टप तेवढा राहिला होता, आणि हा कागदाचा तुकडा.

कागद काढून बघितला. हाताच्या अंगठ्यापाशी रंगाला फुगा आला होता, बोराएवढा. दाबला तर खाली तपकिरी भुगा. मला वाटलं, एवढंच साफ करून घ्यावं, नाहीतर पुढे सरकेल. खरंच असं वाटलं. पॉलिश पेपरचा तुकडा पाण्यात भिजवला आणि कडेनं घासायला लागले.

तुम्हाला सांगते, हात चालत होता आणि मी मनात उद्याच्या चकल्यांचा विचार करत होते. भाजणी दळून आणायची होती. पाणी हिरवं होऊन खाली गळत होतं. ते हिरवं पाणी बघून मी भानावर आले, तेव्हा अंगठा गेला होता आणि तळव्याचा खालचा भागही.

इथं मी थांबायला पाहिजे होतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की वाक्य झिजलं. चार बोटं अजून होती. पण मी समोर उभं राहून बघितलं तर ते अर्धं काहीतरी फार ओंगळ दिसत होतं. एवढ्या सुंदर मरून झाकणावर ते खरूज झाल्यासारखं. मी मनाशी म्हटलं, अर्धा हात ठेवून काय करायचं? असंच म्हटलं, अगदी ह्याच शब्दांत. आणि पॉलिश पेपरचा नवा तुकडा फाडला. एकेक बोट करत गेले. करंगळी शेवटी. ती छोटी होती, दोन फेऱ्यांत गेली.

अंगठा चुकून गेला. चार बोटं चुकून गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. त्यानं झाकण उघडलं, बघितलं, आणि ह्या वेळी जंगाचं नाव काढलं नाही. मी म्हटलं, प्रायमर मार. त्यानं मारला. घासाई मात्र मी त्याला करू दिली नाही. ती मी केली, आरशासारखी होईपर्यंत. रंगाचा शेवटचा हातही मीच मारला. का केलं मी एवढं त्या जागेवर, आजही कळत नाही. जणू चांगलं केलं की कमी होईल.

त्यानंतर काकूनं विचारलं की मी म्हणायची, टप राहिलाय. गाडी झाली का गं? टप राहिलाय, काकू. दिवाळी गेली, टप राहिलाय. कापड मिळत नाही. कमानी वाकल्यात. सुई मोडली. मी तिच्याकडे ब्लाऊज द्यायला जायचं टाळायला लागले, शेजारणीच्या हाती पाठवायचे. आणि टप खरंच करायचा राहिला, कारण तो झाला की गाडी झाली, आणि गाडी झाली की काकूला दाखवायची. मी रिक्षाचे टप शिवणाऱ्या माणसाकडून सगळं शिकून आले होते, जाड काळं कॅनव्हास आणून घडी करून मशीनखाली ठेवलं होतं. ते तिथंच होतं. मशीनवर बसले की पायाला लागायचं. हे एकदा म्हणाले, "ह्या कापडाले पाय लावून काय पाहतेस रोज?" मी म्हटलं, मोजते. ह्यांना मी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदाच एखादी गोष्ट ह्यांना सांगितली नव्हती.

संक्रांत आली. दर संक्रांतीला मी काकूकडे तिळगूळ द्यायला जायची, इतकी वर्षं कधी खंड नाही. लहानानं मोठ्याकडे जायचं, वाकायचं, वडी हातावर ठेवायची. त्या वर्षी मी गेले नाही. सकाळी म्हटलं दुपारी जाईन, दुपारी म्हटलं डोकं दुखतंय. रथसप्तमीपर्यंत चालतं म्हणून मग दिवस ढकलत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी दारापुढे सायकलरिक्षा थांबली. काकू उतरली. पंचाहत्तरीची बाई, हातात स्टीलचा डबा. ती माझ्या दारी तिळगूळ घेऊन आली होती. आमच्यात असं नसतं. मोठ्या माणसानं लहानाच्या दारी तिळगूळ घेऊन येणं म्हणजे काय, ते मला आणि तिला दोघींनाही माहीत होतं.

तिनं रिक्षावाल्याला परत पाठवलं. ह्यांनी खुर्ची दिली ती घेतली नाही. डबा उघडून एक वडी माझ्या हातावर ठेवली, आणि ठेवताना जे म्हणायचं असतं ते ती म्हणाली नाही. म्हणाली, "तुह्यासारखीले टप शिवायले तीन महिने लागत नाही. चल, दाखव."

गाडी मागच्या अंगणात. ती दाराला हात लावत लावत एक चक्कर मारून आली. "रंग चांगला आहे," म्हणाली. "त्यांना आवडला असता." मग मागे जाऊन उभी राहिली.

मी झाकण वर केलं. आता ते हलकं झालं होतं, एका बोटानं उचललं जायचं.

तिनं चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला. मग न बघता, सरळ, त्या जागेवर आपला हात ठेवला. तिला जागा शोधावी लागली नाही. हात घसरला. तिनं तो थोडा वर नेला, थोडा डावीकडे, मग खाली. वीज गेल्यावर आपण कपाटात काडेपेटी चाचपतो तसा. मी तिच्या बोटांकडे बघत होते. मला वाटलं, तिनं आता काहीतरी बोलावं, काहीही.

"जंग लागला होता, काकू," मी म्हटलं.

"कुठं?"

"अंगठ्यापाशी."

"अंगठ्यापाशी," ती म्हणाली. "मग बाकीच्याले काय झालं होतं?"

 उत्तर होतं, वर लिहिलंय तेच. ते तोंडून निघण्यासारखं नव्हतं. हे अंगणाच्या दारात उभे होते. त्यांच्या हातात चहाची बशी होती.

काकूनं हात काढला नाही. त्या गुळगुळीत रंगाकडे बघून बोलली, माझ्याशी नाही. "सगळं जाळलं त्यांनी. कानातले डूल नाल्यात फेकून आले. हे त्यांनी ठेवलं. डिक्की उघडायचे तर झाकण आपटायचे नाही, असं हळूच ठेवायचे, लेकरू झोपलं असल्यासारखं. बोलले कधी नाही. मले समजते, हे मीही कधी दाखवलं नाही."

मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "कबाडीनं न पाहता तोडली असती. तू पाहून केलं."

एवढंच. डबा तिथंच बोनेटवर ठेवला होता तो उचलला, त्याचं झाकण नीट बसवलं, आणि निघाली.

मी मागून धावले. काकू, रिक्षा बोलावते. नको. काकू, हे सोडतील स्कूटरवर. नको म्हटलं ना. ती गल्लीत उतरून चालायला लागली. पायाला संधिवात, एका बाजूला झुकून चालायची, आणि ब्राह्मणपारा काही दोन पावलांवर नाही. मी अंगणात परत आले. काय करावं ते मला कळेना. ह्यांनी बशी खाली ठेवली. पहिल्यांदाच सगळं कळलं होतं त्यांना. फाटकाचे दोन्ही पल्ले उघडले आणि म्हणाले, "जा. मागून जा तिच्या."

अशी माझी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली. मी दोन वर्षं स्वप्नं बघितली होती, सकाळचं कोवळं ऊन, टप मागे, तलावाला चक्कर, बाजूला काकू. टप नव्हताच. काकू दहा पावलं पुढे पायी, आणि मी मागून पहिल्या गियरमध्ये, क्लच अर्धा दाबून. हॉर्न वाजवला नाही. ती थांबली की मी थांबायची. पानाच्या ठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. कोणी म्हणालं, वा, क्या गाड़ी है. मला मान वर करवेना. मागे स्कूटरवाले जमले, हॉर्न वाजवायला लागले, मी हात जोडून दाखवले.

देवळापाशी ती थांबली, चपला काढल्या, बाहेरूनच हात जोडले. मीही थांबले. एका फळवाल्याला वाटलं म्हातारी वाटेत आली आहे. तो काकूला म्हणाला, "अम्मा, थोड़ा साइड हो जाओ, गाड़ी को जाने दो."

काकूनं चपला घातल्या. मागे वळून न बघता त्याला म्हणाली, "उसको कहीं नहीं जाना है."

तिच्या घरापर्यंत पोचायला पाऊण तास लागला असेल. शेडच्या जागी आता दुकानांची शटरं होती. ती पायऱ्या चढून आत गेली. दार उघडंच राहिलं, मुद्दाम ठेवलं की विसरली ते मला माहीत नाही. मी इंजिन बंद केलं. बोनेटच्या फटीतून वाफ येत होती, हिसहिस आवाज करत. इतकं हळू चालवल्यावर दुसरं काय होणार. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. आत जायची हिंमत नव्हती आणि परत जायला गाडी तयार नव्हती.

बऱ्याच वेळानं काकू बाहेर आली. एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्या हातात जुन्या धोतराचा तुकडा. कळशी पायरीवर ठेवली.

"लगेच उघडू नको, तोंडावर येईल," म्हणाली. "थंडी होऊ दे. मग कापड धरून उघड."

मी उतरले. दोघी उभ्या राहिलो, बोनेट निवायची वाट बघत. शेजारच्या ओसरीवर कोणी गहू निवडत होतं, त्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "काकू." ती ऐकत नव्हती, तिचं लक्ष वाफेकडे होतं. वाफ थांबली तेव्हा तिनं मानेनं खूण केली. मी कापड धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. पाणी तिनं ओतलं, कळशी दोन्ही हातांनी धरून, एक थेंब बाहेर न सांडता. ते काम तिला पाठ होतं.

कळशी रिकामी झाली. तिनं माझ्या हातातलं कापड घेतलं, पिळलं.

"टप लावून टाक आता," म्हणाली, आणि आत गेली. ह्या वेळी दार लावून घेतलं.

टप मी दोन दिवसांत शिवला.

काकू त्यानंतर सहा वर्षं होती. मी तिचे ब्लाऊज शिवत राहिले. ती कापड द्यायची, बाही जरा सैल ठेव म्हणायची, घरच्यांची चौकशी करायची. पुढच्या संक्रांतीला मी पहाटेच जाऊन तिच्या पाया पडले, तिनं वडी घेतली, एक माझ्या हातावर ठेवली, आणि ह्या वेळी ते शब्दही म्हणाली. पण गाडीचं नाव तिनं काढलं नाही. कार्ब्युरेटर कसा आहे, तापते का, काही नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, काकू, चला, तलावाला एक चक्कर मारून आणते. ती म्हणाली, "माहे गुडघे चढत नाही आता." रिक्षात ती चढायची. रिक्षा जास्त उंच असते.

मला भीती एका गोष्टीची वाटायची, आणि अजून वाटते. की ती मुलगी, आता तिचेही केस पांढरे झाले असतील, एखाद्या दिवशी गाडी शोधत येईल. कोणीतरी सांगेल, तुमच्या वडिलांची गाडी बूढापाऱ्यातल्या एका बाईकडे आहे. तिला आठवत असेल की नाही देव जाणे. पाच वर्षांच्या लेकराला मार खाल्लेलं आठवतं. ती म्हणेल, जरा मागचं उघडून दाखवता का.

आता मी गाडी सकाळी नव्या रायपूरकडे घेऊन जाते. मोठे मोठे रस्ते, माणूस नाही, टप मागे टाकला की वारा नुसता भिडतो. हे बाजूला बसतात, कानाला मफलर गुंडाळून. कुठे थांबलो की माणसं जमतातच. जुन्या गाड्यांचा एक शौकीन परवा भेटला. बोटानं रंग चाचपून बघणारा, जाणकार माणूस. फार वेळ गाडीभोवती फिरला, बोनेटपाशी थोडी लाट आहे म्हणाला, उजव्या दाराखाली पुट्टी जास्त झाली म्हणाला. सगळं बरोबर होतं. मग मागे आला आणि डिक्कीच्या हँडलला हात घातला. मी म्हटलं, भैया, लॉक खराब आहे.

आत काही नाही. मरून रंग आहे, आरशासारखा. अख्ख्या गाडीत सगळ्यात चांगलं काम मी तिथं केलंय.